टाकीबाहेरचा साडू

वर्कशॉपमध्ये त्याला सगळे घुम्या म्हणत. तोंडावर म्हटलं तरी तो काही बोलत नसे, त्यामुळे नाव बरोबरच आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. काम स्टीलच्या टाक्यांचं. टाकी बाहेरून कोणीही जोडेल, असं फोरमनचं मत. पण आत शिरून, गुडघे पोटाशी घेऊन, तळाचा जोड वेल्डिंगच्या मिग मशीनने सलग भरत नेणारा घुम्या एकटाच. चामड्याचं जॅकेट, कोपरापर्यंत हातमोजे, डोक्यावर हेल्मेट. काळी काच खाली ओढली की त्याचा आणि जगाचा संबंध संपला. तसा तो बायको गेल्यापासून बेताचाच उरला होता. मुलगी लांब दिलेली. ती फोन करायची, जेवलात का विचारायची, तो हो म्हणायचा, आणि मग फोन आधी कोण ठेवतो याची दोघंही वाट बघत बसायची.

टाकीत शिरायचा एक नियम होता. आत माणूस असेल तर बाहेर माणूस हवाच. मिगच्या टॉर्चमधून, म्हणजे हातातल्या वेल्डिंगच्या मुठीतून, जोडावर गॅस सुटत असतो. त्याला ना रंग ना वास, आणि हवेपेक्षा तो जड. मोकळ्या शेडमध्ये कुठल्या कुठे निघून जातो, बंद टाकीत मात्र पाण्यासारखा तळाशी साचतो आणि श्वासाची हवा वर ढकलतो. आतल्याला काही कळत नाही. उलट छान सुस्ती येते. म्हणून टाकीच्या तोंडातून हवेच्या ब्लोअरची नळी आत सोडलेली, कमरेच्या पट्ट्याला दोर बांधलेला, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला स्टुलावर बाहेरचा माणूस. त्याने थोड्या थोड्या वेळाने हातोडीने पत्र्यावर ठोकायचं, आतल्याने परत ठोकायचं. उत्तर आलं नाही तर मशीन बंद, सिलिंडर बंद, आणि दोर ओढायचा. स्वतः आत उडी घ्यायची नाही, हे फोरमन उठता बसता सांगे. एकाला काढायला दुसरा गेला तर मला दोघांना काढावं लागेल, आणि माझी कंबर धरलेली आहे, म्हणे.

आता हा बाहेरचा माणूस कोण, तर घुम्याचा साडू. सख्ख्या बहिणी दोघांनी केलेल्या, नोकरीला सोबतच लागलेले, एकेकाळी एका डब्यात जेवणारे. मग घुम्याची बायको आजारी पडली. तिची बहीण म्हणाली, तिला माझ्याकडे आणा, मी बघते. घुम्याला ते झोंबलं. मी काय मेलोय का, असं काहीतरी तो बोलून गेला. साडूने त्यात आपली भर घातली. आणि ती गेली त्या दिवशी दोघं एकाच खोलीत उभे राहून दोन वेगळ्या भिंतींकडे बघत होते. तेव्हापासून अबोला. पुढे साडूचा गुडघा कामातून गेला, तेव्हा फोरमनने त्याला हे बसायचं काम दिलं. अबोल्याचं त्याला माहीत होतं. बोलायचंय कुठे तुम्हाला, म्हणाला, ठोकायचंच तर आहे.

आणि त्या ठोक्यांची घुम्याला सवय लागली. दिवसभरात त्याची विचारपूस करणारं तेवढंच होतं. टक् टक्, आहेस का. टक् टक्, आहे. एकदा दोन्ही हात गुंतले होते म्हणून उत्तराला उशीर झाला, तर पुढचे ठोके घाईने आले, जरा जोरातच. घुम्याला बरं वाटलं. पुढच्या खेपेला हात मोकळे असूनही तो थांबला. मग त्याचा तो छंदच झाला. केस पांढरे झालेला माणूस टाकीत बसून लपाछपी खेळतोय हे कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. त्याला एवढंच बघायचं होतं, की हा आपल्याला हाक मारतो का. साडू काही हाक मारेना. ठोके तेवढे मोठे होत गेले. शेवटी त्याने लहान हातोडी टाकून मोठी आणली, तरी तोंड म्हणून उघडलं नाही.

त्या दिवशी तळाचा जोड नीट बसत नव्हता. ब्लोअरची हवा थेट टॉर्चवर येत होती, त्यामुळे गॅस उडून जाई आणि जोडाला बारीक भोकं पडत. घुम्याने नळी पायाने बाजूला सारली, तिचं तोंड भिंतीकडे केलं. हे करू नये हे त्याला ठाऊक होतं. हवा कमी करून घ्यायची तर बाहेर सांगावं लागलं असतं, आणि बाहेर कोण होतं ते ठरलेलंच होतं. जोड मात्र सुरेख भरू लागला.

ठोके आले. टॉर्चचा खटका सोडून तो थांबला, नेहमीसारखा. पुन्हा आले. अजून जरा, असं त्याच्या मनात आलं. मग ठोके लांब गेले, शेजारच्या घरात कोणी खिळा मारत असावं तसे. आता उत्तर देऊ म्हणून त्याने हातोडीकडे हात नेला, तर हात जागचा हलेना. भीती अशी वाटलीच नाही. टाकीच्या तोंडाकडून कोणीतरी त्याला हाक मारत होतं, आवाज ओळखीचा होता, आणि ओ द्यायची त्याची फार इच्छा होती.

साडूने स्वतः आत उडी घेतली नाही. मशीन बंद केलं, सिलिंडर बंद केला, नळी खेचून तिचं तोंड घुम्याकडे फिरवलं, आणि ओरडून शेडमधल्या रंगाऱ्याला बोलावलं. दोघांनी दोर ओढला. टाकी आडवी होती म्हणून बरं. बाहेरच्या हवेत घुम्याने डोळे उघडले तेव्हा साडू दोराचं टोक हाताला गुंडाळून तसाच उभा होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून त्याला बसवून ठेवलं. साडू बाकावर शेजारी, दुखरा पाय लांब करून. नळी कोणी सारली हे फोरमनने विचारलं होतं आणि घुम्याने सांगितलं होतं. दुसरी गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. गप्प बसलं की निभावणार होतं. पण उद्या हाच माणूस स्टुलावर बसणार, आणि उत्तर आलं नाही की हा नेहमीचा उशीर म्हणून पुन्हा थांबणार.

"पहिले ठोके मला ऐकू आले होते," घुम्या म्हणाला.

साडूने मान वळवली. "मग?"

"तू हाक मारतोस का बघत होतो."

"आणि आधीचे? गेल्या आठवड्यातले?"

"तेही."

साडू समोरच्या भिंतीकडे वळला. "मला वाटलं तुझे कान गेले. मोठी हातोडी आणली मी. घरी बोललो तर ती मागेच लागली, त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जा म्हणून. म्हटलं, तो बोलत नाही माझ्याशी. तर म्हणते, ऐकूच येत नसेल तर बोलतील कसे."

घुम्याला हसू आलं. त्या घरात अजून त्याच्या कानांची चर्चा होत होती, आणि हे त्याला आज कळत होतं.

"आज दुसऱ्यांदा ठोकून मी बसून राहिलो," साडू म्हणाला. "म्हटलं बहिरा आहे, देईल सावकाश. अजून थोडा बसलो असतो तर घरी तिला काय तोंड दाखवलं असतं?"

साडू गुडघ्यावर हात टेकून उठला आणि निघून गेला. घरी चल म्हणाला नाही. घुम्या आपल्या खोलीवर आला, दिवा लावला आणि कपडे न बदलता तसाच बसला. मुलीचा फोन आला. जेवलात का? तो हो म्हणाला.

डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा तो कामावर गेला. स्टुलावर आता रंगारी असणार, अशी मनाची तयारी करूनच गेला. पण साडूच होता. हातोडी त्याने जवळ ठेवली नव्हती. घुम्याकडे न बघता तो फोरमनला म्हणाला, "याला सांगा, यापुढे मी तोंडाने विचारणार. त्यानेही उत्तर तोंडानेच द्यायचं. लगेच."

फोरमन दोघांच्या मधोमध उभा होता. ऐकलंस ना, म्हणाला, आणि पुटपुटत गेला.

घुम्याने नळीचं तोंड आपल्याकडे करून घेतलं, पट्टा ओढून बघितला, काच खाली घेतली. जोडाचा पहिला वीतभर भाग भरून होतो न होतो तोच बाहेरून आवाज आला.

"आहेस का?"

खटका सोडून घुम्याने घसा साफ केला. सकाळपासून तो कोणाशीच बोलला नव्हता. "आहे," तो म्हणाला. पत्र्याने ते उचललं आणि टाकीभर आहे, आहे, आहे असं फिरवलं.

"एकदाच सांग," साडू बाहेरून म्हणाला.