सासूबाईंचं बोट

डॉक्टर मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की दारात चपला काढायच्या, सगळ्यांना नमस्कार करायच्या आणि लगेच उजव्या हाताचं पहिलं बोट जवळच्या फळीवरून फिरवायच्या. फळी नसेल तर खिडकीची पट्टी, तीही नसेल तर फ्रिजचा माथा. मग ते बोट उजेडाकडे धरून बघायच्या, अंगठ्यावर चोळायच्या आणि "हं" म्हणायच्या. त्या धूळ बघत. घरातल्या बाईला मात्र वाटे, आपला संसार तपासला जातोय.

पहिल्याच आठवड्यात एका आजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्या धूळ मोजाया आल्यात, का सून बघाया?" संध्याकाळपर्यंत वस्तीत त्यांचं नाव सासूबाई पडलं होतं. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या एवढ्या हसल्या की गाडीत झोपलेला ड्रायव्हर उठून काय झालं बघायला आला. त्यांचं हसू जिना चढल्यासारखं पायरीपायरीने वर जायचं आणि शेवटी एका लांब "हाऽ" वर येऊन टेकायचं. तो "हाऽ" झाल्याशिवाय पुढचं बोलणं सुरू होत नसे.

मुळशी तालुक्यात खडी क्रशरच्या धुळीचा तिथे काम करणाऱ्यांवर आणि शेजारी राहणाऱ्यांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास आमची संस्था करत होती. पौडला एसटी स्टँडच्या मागे दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. मॅडम कामगारांच्या आजारांच्या डॉक्टर. सगळी नोकरी कारखान्यांत हिंडून झाली होती आणि निवृत्तीनंतर घरी बसणं त्यांना जमलं नव्हतं. माझ्याकडे व्यवस्था होती. गाडी, डबे, फॉर्म, कुणी कुठल्या वस्तीत जायचं, छत्र्या परत आल्या का. मी सकाळी यादी करते आणि झालेल्या कामावर काट मारल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. मॅडम मला यादीबाई म्हणायच्या. "यादीबाई, आज माझ्या नशिबात काय लिहिलंय?" असं विचारून त्या गाडीत बसायच्या आणि मी सांगितलेल्या क्रमाने एकही गोष्ट करायच्या नाहीत.

हवेतून खाली बसणारी धूळ मोजायला आम्ही वस्तीतल्या घरांच्या पत्र्यांवर स्टीलची ताटं ठेवली होती. महिन्याने ती उतरवून त्यांतली धूळ तोलायची. मी हौसेने नवीकोरी ताटं आणली होती. ठरलेल्या दिवशी आम्ही पोचलो, तर ताटं घासूनपुसून लख्ख, ओट्यांवर मांडलेली. एकात काकड्या, एकात दोडके, एकात इंद्रायणीचे तांदूळ, वर रुमाल झाकलेला. दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं परत करायचं, असा सगळ्यांचा सरळ हिशेब होता. एक महिन्याची धूळ मोरीतून वाहून गेली होती.

मी कपाळाला हात लावला. मॅडम ओट्यावर बसल्या आणि त्यांनी काकडी मोडून खायला घेतली. "नमुना उत्तम आहे," म्हणाल्या, "पण प्रयोगशाळेत पाठवायला नको." हसून झाल्यावर त्यांनी पत्र्यावर पडलेलं एक जुनं कौल उचललं आणि मला दाखवलं. पुढच्या महिन्यापासून आम्ही कौलं ठेवली. कौल कुणी घासत नाही आणि भरूनही देत नाही.

मास्कवर त्यांचा राग होता. सुरक्षा सप्ताह आला की कुणीतरी पाहुणे येऊन मास्क वाटायचे, फोटो निघायचे, आणि दुपारपर्यंत ते मास्क कामगारांच्या गळ्यात, मनगटावर नाहीतर सायकलच्या दांडीला लोंबत असायचे. दगड फोडणाऱ्या यंत्राशेजारी उन्हात पाट्या उचलताना नाकतोंड बांधून बघा, मग बोला, असं मॅडम त्या पाहुण्यांनाच सुनवायच्या. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "मास्क माणसाला नको, मशीनला घाला." म्हणजे खडी वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर पत्र्याचं झाकण, दगड पडतो तिथे पाण्याचे फवारे, आणि ट्रकवर ताडपत्री.

हे वाक्य त्यांनी क्रशरच्या मालकांनाही ऐकवलं. त्यांना सगळे आप्पा म्हणत. गावातल्या जुन्या शेतकरी घरातले. थोडी जमीन विकली, थोडीवर खोल्या बांधून भाड्याने दिल्या आणि डोंगराकडच्या खडकाळ तुकड्यावर क्रशर टाकला. माणूस वाईट नव्हता. तोंडाने फटकळ आणि पैशाने सावध, एवढंच. त्यांनी मॅडमना सरळ सांगितलं, "मॅडम, पानी मारायचं म्हंजी टँकर आला, पंप आला, मानूस आला. लोकास्नी तरास होतोय आसं तुमी दाखवा, उद्या फवारे बसवतो. न्हाई दाखवलं तर ह्यो इषय बंद." मॅडमनी हात पुढे केला आणि आप्पांनी तो हातात घेतला. म्हणजे आता सगळं आमच्या फॉर्मवर होतं. क्रशरवर पाट्या उचलणाऱ्या बाया, यंत्रावरचे बिहारी कामगार आणि खालच्या वस्तीतली घरं, यांच्या छातीत काय जाणार आणि काय नाही, हे त्या कागदांवरून ठरणार होतं.

आणि फॉर्म कोरे आले. कोरे म्हणजे भरलेलेच, पण "खोकला आहे का?" या प्रश्नापुढे घरोघरी एकच उत्तर: न्हाई. धाप? न्हाई. छातीत दुखणं? न्हाई. आप्पांना कुठूनतरी बातमी लागली. त्यांनी आम्हाला केबिनमध्ये बसवून जास्तीची साखर घातलेला चहा पाजला आणि म्हणाले, "आमच्याकडं पानीच लई चांगलं हाय." मॅडमनी कपावर बशी पालथी घातली. धूळ असेल तिथे त्या नेहमी तसंच करत. पण त्या दिवशी त्यांना हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या सुमनताईंकडे जाऊन बसल्या. सुमनताई क्रशरवर पाट्या उचलायच्या. चाळिशीची, बोलायला खमकी बाई. त्यांच्या घरात सगळ्या फळ्यांवर राखाडी थर होता, फक्त बाबासाहेबांच्या तसबिरीची काच चकचकीत. मॅडमचं बोट त्या काचेपाशी जाऊन थांबलं. "ती सारकी पुसावी लागती," सुमनताई म्हणाल्या, "न्हायतर सायेब दिसत न्हाईत." मॅडमनी "हं" केलं आणि मग स्वतःच्या नवऱ्याची गोष्ट सांगायला घेतली. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याच्या कपाटावर बोट फिरवलं, तेव्हा तो घाबरून सरळ आईला बोलवायला गेला होता. सुमनताई खळखळून हसायला लागल्या, हसू वर चढलं आणि मध्येच तुटलं. त्या पदर तोंडाला लावून वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मी पाणी दिलं.

मॅडमनी त्यांचा फॉर्म काढला. "सुमन, खोकला नाही म्हणून लिहिलंय तू."

"न्हाईच हाय."

"मग हे काय होतं?"

"ह्यो खोकला न्हाई, मॅडम. ह्यो ठसका. फोडनीत मिरची पडली की लागतो ना, तसा धुळीचा. खोकला म्हंजी आजार. खोकला झाला की घरात मानसाचं ताट-तांब्या येगळा ठिवत्यात. आमास्नी कुटं खोकला?"

मॅडम माझ्याकडे वळल्या. मला कळलं की माझी महिनाभराची आखणी संपली. "यादीबाई," त्या म्हणाल्या, "पुन्हा पहिल्या घरापासून."

मी कुरकुरले आणि नवीन यादी केली. गाडी पुन्हा ठरवली, फॉर्म भरणाऱ्या मुलींना पुन्हा शिकवलं, फॉर्मवरचा एक शब्द बदलून सगळे नव्याने छापले. आता विचारायचं: ठसका लागतो का? कधी लागतो? यंत्रावरच्या हिंदी बोलणाऱ्यांसाठीही मॅडमनी त्यांच्यात बसून त्यांचा शब्द शोधला. ते म्हणायचे, गला पकड़ता है. उत्तरं धडाधड यायला लागली. झाडताना लागतो. चढ चढताना लागतो. पहाटे उठल्याउठल्या लागतो. आणि बाया हमखास सांगायच्या, हसताना लागतो. एकीने तर सांगितलं, बचत गटात सगळ्या गमती करायला लागल्या की मी उठून बाहेर जाते. मॅडमनी ते मला दोनदा वाचायला लावलं. संध्याकाळी गाडीत म्हणाल्या, "यंत्र लावून छाती तपासायची ती तपासूच. पण आधी माणसाला हसवून बघावं. हसू शेवटपर्यंत जातं का ते ऐकावं."

कागद घेऊन आम्ही आप्पांकडे गेलो. त्यांनी पानं उलटली आणि मान हलवली. ठसका हा काय आजार झाला व्हय, असं त्यांचं म्हणणं. ठसका तर जेवतानाही लागतो. मॅडमनी वाद घातला नाही. त्या म्हणाल्या, "आप्पा, एसीत बसून तुम्ही मोकळं हसता. बाहेर पट्ट्याखाली येऊन हसून दाखवा. ठसका लागला नाही, तर कागद मी स्वतः फाडते."

हे आप्पांना एवढं गमतीचं वाटलं की ते उठून खरंच बाहेर आले. पट्ट्याखाली खडी कोसळत होती, पाट्या उचलणाऱ्या बाया थांबून बघत होत्या. आप्पा आधी नुसतं खोटं हसले. ते इतकं खोटं होतं की सुमनताईंनी तोंडावर पदर घेतला, बाया खुसखुसल्या, आणि त्यांना बघून आप्पांना खरं हसू फुटलं. पोट धरून हसता हसता त्यांनी श्वास आत ओढला आणि मग जो ठसका लागला, तो केबिनमध्ये आणून पाणी पाजेपर्यंत थांबला नाही. डोळे पुसून ते बसले. "लई वंगाळ हाय," एवढंच म्हणाले.

फवारे दिवाळीच्या आत बसले. पट्ट्यावर पत्रा आला. उन्हाळ्यात टँकर महागला की फवारे अजून बंद पडतात, मग सुमनताई आप्पांच्या केबिनच्या दारात जाऊन उभ्या राहतात आणि पंप सुरू होतो. कौलांवर आता धूळ कमी बसते. शून्य नाही. पण आप्पा पाहुण्यांना यंत्र दाखवताना म्हणतात, "आमी मशीनला मास्क घातलाय," जणू त्यांनाच सुचलं होतं.

अभ्यास संपला आणि मॅडमनी बावधनचा फ्लॅट सोडून मुलीकडे सावंतवाडीला जायचं ठरवलं. सामान बांधायला मी गेले. खोक्यांवर नंबर आणि आत काय आहे त्याची चिठ्ठी, हे माझं काम. त्या पुस्तकं उतरवत होत्या आणि मधून मधून तोंड फिरवून खाकरत होत्या. मी सहज विचारलं, "मॅडम, खोकला आहे का?"

"छे गं. सामानाची धूळ आहे."

मी आणखी एक खोकं बंद केलं. चिकटपट्टी लावता लावता मला आठवलं की बऱ्याच दिवसांत त्यांचा तो "हाऽ" ऐकलेला नाही. हल्ली त्या हसायला लागल्या की मध्येच काहीतरी बोलून विषय बदलायच्या. मी चिकटपट्टी खाली ठेवली.

"ठसका लागतो का?"

त्यांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. मग रिकाम्या झालेल्या फळीवर बोट फिरवून त्यांनी ते उजेडाकडे धरलं.

"लागतो," म्हणाल्या.

"कधी?"

"चढताना. पहाटे उठल्यावर."

"हसताना?"

"म्हणून तर तुझ्या विनोदांना हसत नाही."

"मी विनोद करतच नाही, मॅडम."

"तेच बरं आहे माझ्या तब्येतीला," त्या म्हणाल्या. हसू वर चढायला लागलं आणि तिसऱ्या पायरीवर तुटलं. त्या खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या, मी त्यांची पाठ धरली.

सामान हलवणं दोन दिवस पुढे ढकललं. छातीच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की वर्षानुवर्षं कारखान्यांतून हिंडून छातीत साठलेली धूळ आहे. जाणार नाही, पण औषधाने आवरता येईल, आणि अजून उशीर झाला असता तर तेही अवघड होतं. मॅडमनी शहाण्या मुलीसारखा तोंडाने ओढायचा औषधाचा पंप घेतला आणि माझ्याकडून त्याच्या वेळांची यादी लिहून घेतली.

आता त्या सावंतवाडीला आहेत, आणि सुमनताई भेटल्या की आधी सासूबाई कशा हायेत म्हणून विचारतात. रविवारी मी मॅडमना फोन करते. औषध घेतलं का, चालायला गेलात का, यातलं काही विचारत नाही, कारण त्या हो म्हणतील आणि मला काही कळणार नाही. मी आठवडाभर हिंडून एखादी गंमत जमवून ठेवते. आप्पांची, ड्रायव्हरची, नाहीतर ऑफिसातली. विनोद मला अजून सांगता येत नाही. शेवट आधीच सांगून टाकते. तरी त्या हसतात. मी गप्प बसते आणि कानाशी फोन घट्ट धरून एकेक पायरी ऐकते, त्या "हाऽ" पर्यंत.