हळू काकूंचा बिनआवाजाचा कॉम्प्युटर

हळू काकूंनी जन्मात कुठली वस्तू डोळ्यांनी बघून घेतली नाही, कानाने घेतली. कलिंगड, नारळ, मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्याला आधी कान लावायच्या आणि मग तोंड वाकडं करायच्या. बोईसरला माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आल्या तेव्हा मी उघडून ठेवलेल्या एका चालू मशीनलाही त्यांनी असाच कान लावला. केस पंख्यात जाता जाता वाचले. "हे बोंबलतंय," त्या कुजबुजल्या. "मला न बोंबलणारं पायजे. पण जोरदार पायजे. निलेशचा खेळ चालला पायजे त्याच्यावर."

सालवडच्या त्यांच्या चाळीत त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. भाजीवाला दारात आला की "हळू". कुकर शिट्टी मारायच्या बेतात आला की गॅस बंद. पोरं भांडायला लागली की त्या बाहेर येऊन सांगायच्या, "भांडा, पण हळू." मूळच्या नवापूरच्या. तिथे बाईचा आवाज किनाऱ्यावरून होडीत पोचला नाही तर तिला ताप आलाय का म्हणून विचारतात. तशा गावची ही बाई सालवडला येऊन कुजबुजायला लागली, कारण काकांची रात्रपाळी. तारापूरच्या एका कापड गिरणीत काका मागावर होते. सकाळी येऊन न्याहारी करायचे आणि खोलीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून संध्याकाळपर्यंत झोपायचे. खोली एकच, मागे एवढंसं स्वयंपाकघर. रात्री मागावर डुलकी लागली तर हात जाईल, ही काकूंची धास्ती, आणि ती खोटी नव्हती.

निलेश त्यांचा एकुलता एक मुलगा, माझ्या कॉम्प्युटर क्लासचा विद्यार्थी. काकांनी साहेबांचे पाय धरून त्याला गिरणीत चिकटवला होता. पठ्ठ्याने वर्षभरात ती नोकरी सोडली आणि पुण्याला कॉम्प्युटरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत गेला. काका दुकानात येऊन मला म्हणाले होते, "सर, तुमीच बिघडवला त्याला. खेळ ही काय नोकरी हाय?" आणि निलेशला सांगितलं, "तुझ्या त्या खेळाकडं मी तोंड करून बघणार नाय." तेव्हापासून बापलेकाचं बोलणं बंद. काका चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, भेटेल त्याला एकच वाक्य ऐकवायचे, "पोरगा ऐकत नाय."

आता निलेशच्या कंपनीचा मोठा खेळ बाजारात आला होता. त्यात समुद्रकाठचं एक गाव होतं, हुबेहूब नवापूर, आणि ते निलेशने एकट्याने रचलं होतं. आईला ते बघायचं होतं. नुसतं फोनवर चित्र नको, आत जाऊन फिरायचं होतं. तेही काकांची झोप न मोडता, काकांना पत्ता न लागता. नाहीतर घरात आणखी एकाचं बोलणं बंद होणार, आणि उरलंय कोण?

पैसे निलेश पाठवणार होता, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. प्रश्न काकूंच्या कानाचा होता. ताकदीचं ग्राफिक्स कार्ड म्हणजे भट्टी, भट्टी म्हणजे पंखे, पंखे म्हणजे आवाज, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ज्या होडीचं इंजिन बोंबलतं, तिला मासा नाय मिळत. मासा ऐकतो." मी तीन पंख्यांचं कार्ड मागवलं, कमी काम असेल तेव्हा पंखे थांबवणारं. छोटे, जोरात फिरणारे पंखे काढून मोठे, सावकाश फिरणारे घेतले. कुरकुरणारी जुनी डिस्क त्यांनी नुसत्या नजरेने बाद केली, आत काही फिरतच नाही अशी बिनआवाजाची डिस्क घेतली. प्रोसेसरवर बसवायचा, पातळ पत्र्यांचा उंच थर असलेला कूलर बघून त्यांनी विचारलं, "हे इडलीचं भांडं कशाला?" ते मात्र त्यांना आवडलं, कारण कान लावून बघितलं तर आतून काहीच ऐकू येईना.

हे सगळं बसवायला रंगीत दिव्यांची काचेची पेटी मी कौतुकाने पुढे केली. "घरात दिवाळी लावून चोरी करतात काय?" त्या म्हणाल्या. मग काळी, जाड पत्र्याची, आतून रबर लावलेली पेटी आली. कीबोर्डचं बटण दाबलं की टक्क वाजतं, म्हणून तोही परत गेला. शेवटी माऊसवर आल्या. माऊसचं टिकटिकणंही त्यांना खपेना. मी म्हटलं, "काकू, आता माझा श्वास बंद करू का?" तर म्हणाल्या, "जोडायला घरी याल तेव्हा करा." हे त्या गमतीने बोलल्या असं मला वाटलं होतं.

जोडायला गेलो तेव्हा काका खाटेवर आमच्याकडे पाठ करून झोपले होते. टीव्ही त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर, पेटी त्याच्याखाली शिलाई मशीनच्या जुन्या लाकडी खोक्यात. मी चप्पल हातात घेऊन आत शिरलो आणि दोन्ही गुडघ्यांवर रांगत वायरी जोडल्या. काकांच्या पुढ्यात लोखंडी कपाट होतं, त्याच्या आरशात मला माझाच घामेजलेला चेहरा दिसत होता आणि स्वतःची कीव येत होती. एवढ्यात वीज गेली. पेटीला जोडलेला यूपीएस भर दुपारी टीं टीं करून किंचाळायला लागला. काकूंनी गोधडी टाकली, तिच्यावर उशी टाकली आणि उशीवर स्वतः बसल्या, तरी तो ओरडतच होता. काका ढिम्म हलले नाहीत. "देव पावला," काकू नुसत्या ओठांनी म्हणाल्या. मी यूपीएसचा भोंगा कापून टाकला आणि मोकळा झालो.

त्यानंतर रोज दुपारी काकू निलेशच्या गावात जायला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत निलेशही पुण्याहून खेळात यायचा आणि मायलेक खाडीकाठाने फिरायचे. खेळ खरं तर बंदूक घेऊन शत्रू मारायचा होता. काकूंनी बंदूक एका झोपडीमागे टाकून दिली आणि बोंबील सुकवायच्या काठ्या नीट बांधल्यात का ते बघत सुटल्या. कुणी गोळीबार करत आलाच, तर कानाला लावलेल्या माईकमध्ये कुजबुजायच्या, "हळू रे मेल्या, माणूस झोपलंय." देशभरातली पोरं म्हणे तो आवाज ऐकून बिचकायची. एकाने विचारलं होतं, "आंटी, आप भूत हो क्या?"

एकदा तक्रार आली की पेटी घोंघावते. जाऊन बघतो तर काकूंनी आवाज आणखी कमी व्हावा म्हणून पेटीला शाल गुंडाळलेली. आत हवा जायला फट नाही, पेटी तापलेली, पंखे जिवाच्या आकांताने फिरतायत. मी शाल काढली आणि तिथल्या तिथे कुजबुजतच भांडलो. काकू म्हणाल्या, "थंडीचे दिवस हायत, मला वाटलं बरं वाटेल तिला." ह्या बाईशी भांडणं म्हणजे पाण्यात काठी मारणं.

आणि मग एका दुपारी, झोपेच्या ऐन वेळेला, काका स्वतः दुकानात आले. मी मनात म्हटलं, संपलं, आता मला झोडपणार. काका काउंटरवर हात टेकून मोठ्याने म्हणाले, "सर, निलेशला निरोप द्या. माझं नाव सांगू नका. गाव बरं केलंय त्यानं. धक्का बरोबर हाय, होड्या बरोबर हायत. पण देऊळ चुकलं. समुद्रातून येताना ते उजव्या हाताला लागतं. त्यानं डाव्या हाताला घातलं. स्वतःचं देऊळ विसरला."

मी गाव बघितलं होतं. देऊळ उजवीकडेच होतं. मी तसं म्हटलं, तर काका म्हणाले, "हां, पावणेचार झाले असतील." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "नको, चहा नको." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मागाच्या खडखडाटात काकांचे कान कधीच गेले होते. गिरणीत कळलं तर मागावरून काढतील म्हणून त्यांनी घरीदारी कुणाला सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन, ओठ हलवत विचारलं, "काका, तुम्ही खेळ बघता?"

"मी कशाला बघू? शब्द दिलाय मी," काका म्हणाले. "मी माझा कपाटाकडं तोंड करून पडलेला असतो. आता आरशात काय दिसतं त्याला मी काय करणार?"

आरशात उजव्याचं डावं होतं, हे मला त्यांना सांगता आलं असतं. पण मी मास्तर असलो तरी इतका गाढव नाही.

काकूंना मात्र सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी हळू बोलते आणि तो हं म्हणतो. मला वाटलं संसार चांगला चाललाय." आणि हसायला लागल्या. सवयीने आवाज न करता हसल्या, नुसते खांदे हलत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डोळे पुसून झाल्यावर मला दम दिला, "त्याला कळू द्यायचं नाय. मानी माणूस हाय. आपल्याला कळलंय असं कळलं, तर त्या आरशाकडं पण पाठ करील." दुसऱ्या दिवसापासून त्या तशाच कुजबुजत राहिल्या. फरक एवढाच की सकाळी न्याहारीआधी आरसा ओल्या फडक्याने पुसायला लागल्या.

मी निलेशला फोन करून काकांचा निरोप आणि आरशाची गोष्ट सांगितली. त्याने बापाबद्दल फक्त एवढंच विचारलं, "आप्पा रोज बघतात?" पुढे त्याने साहेबाला काय थाप मारली देव जाणे, पण खेळाची पुढची दुरुस्ती आली तेव्हा अख्खं गाव उलटं झालेलं होतं. देऊळ डावीकडे, धक्का पलीकडे, खाडीचं तोंड भलतीकडे. म्हणजे आरशात सगळं जागच्या जागी.

काका त्याच आठवड्यात दुकानात आले. या वेळी काउंटरवर हात टेकला नाही, नुसते दारात उभे राहिले. "सर," ते म्हणाले, आणि त्यांचा तो मोठा आवाज एकदम खाली आला. "पोरगा ऐकतो हो." मी काही बोललो असतो तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. मी काउंटरखाली काहीतरी शोधत बसलो.

काका निवृत्त झाले आणि दोघं सालवडची खोली सोडून नवापूरला गेली. टेम्पोत सगळ्यात आधी आरशाचं कपाट चढलं, काकांनी तिथे उभं राहून चढवून घेतलं. टेम्पोवाल्याने गाडी खड्ड्यात घातली तेव्हा काकू त्याला ओरडल्या. तो त्यांचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, आणि एवढा आवाज ही बाई इतकी वर्षं कुठे दडवून बसली होती असं वाटून मला भरून आलं. आता नवापूरला समुद्राच्या गाजेत भट्टीसारखं मशीन ठेवलं असतं तरी चाललं असतं. होळीला निलेश घरी येतो, बापलेक मासे, वारा, देवळाचा रंग, सगळ्यावर बोलतात, खेळाचं नाव दोघंही काढत नाहीत. दुपारी काका कपाटाकडे तोंड करून खुर्ची टाकतात. माझ्या दुकानात आता कुणी मशीनला कान लावत नाही, आणि काकूंची फार आठवण येते.

नवापूरची पोरं मात्र येतात आणि तावातावाने तक्रार करतात. "सर, तो खेळ बनवणारा येडा हाय. आमचंच गाव घेतलंय आणि देऊळ भलत्या बाजूला घातलंय."

मी पंख्यावरची धूळ झटकत म्हणतो, "त्याच्या बापाला जाऊन विचारा. तो म्हणतो, बरोबर आहे."