रेवजीच्या नावाची मूठ

विसरवाडीच्या स्टँडवर भाईदास पाटलांचा आवाज हायवेवरच्या ट्रकवाल्यांनाही पाठ होता. ते एस्टीत वाहतूक नियंत्रक. सुरतेची गाडी असो की नंदुरबारची, लग्नाची गर्दी असो की रिकामा फलाट, माईकवरचा सूर एकच. घरी आल्यावर हातात माईक नसे, एवढाच फरक. "जेवण तयार असल्यास लावून घ्यावे," असं ते ओट्यावरूनच जाहीर करत. आत निर्मलाबाई पोळी उलटत पुटपुटत, "गाडी लेट शे."

निर्मलाबाईंच्या लग्नाला तीस वर्षं होत आली होती. दोन्ही मुलं नोकरीला लागून एक सुरतेला, एक पुण्याला गेला. संसारात तसं काही कमी नव्हतं. एकच गोष्ट राहिली होती. त्यांनी तोरणमाळ पाहिलं नव्हतं. लोक इंदूरहून येतात, पुण्याहून येतात, तलावाकाठी उभे राहून फोटो काढतात. आणि आपण याच जिल्ह्यात जन्मलो, याच जिल्ह्यात दिलो गेलो, तरी ते फक्त कॅलेंडरवर पाहिलं, हे त्यांना सलत असे. त्यातही तिथे सगळ्या खानदानाबरोबर जायचं नव्हतं. नवऱ्याबरोबर जायचं होतं. दोघांनीच. तलावाकाठी दोघं उभे आहेत आणि कुणी पाणी मागत नाही, इतकंच त्यांचं मागणं.

निघाले नव्हते असं नाही. एकदा तर शहाद्याच्या स्टँडपर्यंत पोचले. तिथला नियंत्रक म्हणाला, "पाटील, जरा खिडकीत बसता का, घरून फोन आलाय." भाईदास जरा बसले. संध्याकाळपर्यंत बसले. निर्मलाबाईंनी बाकावर बसून दशम्या एकटीने संपवल्या आणि नवऱ्याच्या आवाजात तोरणमाळच्या दोन गाड्या सुटलेल्या ऐकल्या. दुसऱ्यांदा निघायच्या आदल्या दिवशी मावससासरे वारले. ते वारतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, कारण ते आधीच वारले असावेत असा सगळ्यांचा समज होता.

यंदा मात्र शनिवार-रविवारची रजा मंजूर झाली होती. शनिवारी रात्री मुक्कामासाठी भाईदासांच्या ओळखीने वर खोलीही सांगून ठेवली होती. निर्मलाबाईंनी नवी हिरवी साडी फॉल लावून आणली. आणि मग आडवे आले रोट.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई ही देवी बसते. पाटलांच्या घराण्याची रीत अशी, की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, हरभऱ्याची डाळ घालून दळायचे आणि त्या पिठाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, भाऊकीनेच खायच्या. परक्याला द्यायचे नाहीत. सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा नाहीत. पीठ उरलं तर रोज रोट करायचे, पण पौर्णिमेचा चंद्र उगवायच्या आत डबा रिकामा झाला पाहिजे.

एरवी भाईदास त्या दिवशी ड्युटीवर असत आणि मूठ निर्मलाबाईच घेत. त्यांची मूठ लहान. पीठ सोमवारीच संपून जाई. यंदा साहेब घरी होते. म्हणाले, "मूठ माणूसनी पाहिजे. सरक."

भाईदासांचा पंजा म्हणजे ताटली. पाटलांच्या घरात सगळ्याच पुरुषांचे हात तसे. त्या पंजाने त्यांनी गहू उचलायला सुरुवात केली, एकेक नाव घेत. स्वतःचं, दोन्ही मुलांचं. तिथे थांबायला हवं होतं. पण ही नावं ते लहानपणापासून वडिलांच्या तोंडून ऐकत आले होते, आणि थांबे पाठ असलेल्या माणसाला मधलाच थांबा गाळून कुठे जाता येतं? हात चालूच राहिला. "रेवजीना. रेवजीना मोठा आंडोरना. धाकलाना." रेवजीची दोन्ही मुलंही आली. मग चुलत्यांची, चुलतभावांची. बहुधा एकदोन स्वर्गवासीही त्यात बसून गेले.

रेवजी हे नाव आलं तेव्हा निर्मलाबाईंनी सुपातून मान वर केली. रेवजी म्हणजे भाईदासांचा सख्खा धाकटा भाऊ. ब्राह्मणपुरीला शेती करतो. सात वर्षं दोघं भाऊ बोलत नव्हते. नवऱ्याच्या तोंडून हे नाव त्यांनी इतक्या वर्षांनी ऐकलं. टोकावं असं क्षणभर वाटलं, पण त्या गप्प राहिल्या. बोललं की हा माणूस मूठ परत काढून घेईल, हे त्यांना माहीत होतं.

भांडणाचं कारण शेतीवाडी नव्हतं. रेवजी आणि त्याची बायको धनुबाई सोनगडच्या लग्नाला निघाले होते. विसरवाडीला गाडी बदलायची. धनुबाई मुतारीकडे गेलेली. रेवजीने खिडकीशी येऊन सांगितलं, "दादा, जराशी गाडी थांबाड." दादांनी घड्याळ पाहिलं, माईक उचलला आणि सख्ख्या भावासमोर गाडी सोडून दिली. वर म्हणाले, "नियम म्हनजे नियम." पुढच्या गाडीने दोघं पोचले तेव्हा मांडवात अक्षता झाडत होते. तेव्हापासून घराण्यात दोन कानबाया बसू लागल्या, एक ब्राह्मणपुरीला आणि एक विसरवाडीला.

तर आता डबाभर पीठ. मुलं रविवारी आली, रोट खाऊन सोमवारी पोटाला हात लावत परत गेली. मग उरली दोघं. सकाळी रोट आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, संध्याकाळी गंगाफळाची भाजी आणि रोट. बुधवारी भाईदासांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "हाई वाढी ऱ्हायनं का?" पौर्णिमा पुढच्या सोमवारी. शनिवारी सकाळी निघायचं, तर शुक्रवारपर्यंत संपायला हवं. संपणार नव्हतं. आणि डबा भरलेला ठेवून घराबाहेर रात्र काढायची, तर भाईदासांच्या मनाला ते पटणार नव्हतं. तसं त्यांनी जाहीरही करून टाकलं, "तोरणमाळ पुढना महिनामा देखूत."

निर्मलाबाई मागच्या दारी गेल्या. तिथे त्यांनी भांडी अशी घासली की शेजारची अमिना बाहेर आली. तिच्या नवऱ्याचं, वाहिदचं, हायवेला टायरचं दुकान.

"क्या हुआ भाभी? परात फुटेल ना."

निर्मलाबाईंनी सांगितलं. अमिना पदरात तोंड लपवून हसली. "मग मला द्या की पीठ. चार माणसं आहेत घरात."

"चालत नाही गं. भाऊकीच पाहिजे."

"मग वाहिदला भाऊकीत घ्या. टायर काढायला भाऊच लागतो रस्त्यात." आणि मग भांडं हातातून घेत ती सहज म्हणाली, "पण भाऊकी आहे ना तुमची? की सगळी पंक्चर?"

निर्मलाबाईंनी भांडं तिच्याच हातात सोडलं आणि त्या आत गेल्या.

संध्याकाळी भाईदास जेवायला बसले. निर्मलाबाईंनी ताट वाढलं. चौथा रोट पाहून त्यांनी ताटावर आडवा हात धरला.

"खावाच लागी," निर्मलाबाई म्हणाल्या. "हाऊ रेवजीभाऊना शे."

"कोना?"

"तुमी त्यासना नावनी मूठ टाकी. पोऱ्यासना नावनी बी टाकी. मी ऐकी ऱ्हायंती."

"मी नही टाकी."

"टाकी."

भाईदासांनी पाण्याचा घोट घेतला. त्यांना आठवत असावं, कारण ते रागावले नाहीत. निर्मलाबाईंनी पदर सावरला आणि नवऱ्याला कळेल अशा भाषेत विचारलं, "आते मले सांगा. पॅशिंजरनं तिकीट फाडं आनि त्याले गाडीमा बसू दिधं नही. चालस का तुमना एस्टीमा?"

भाईदासांनी ताटावरचा हात काढून घेतला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर असा ठपका कुणी ठेवला नव्हता.

"पीठ उंबराबाहेर जात नही," ते शेवटी म्हणाले. पण आवाजात माईक नव्हता.

"मूळ उंबरा ब्राह्मणपुरीलेच शे. आपलाच बाहेर शे."

शनिवारी सकाळी निर्मलाबाई हिरवी साडी नेसून, मांडीवर पिठाचा डबा घेऊन एस्टीत बसल्या. डबा ब्राह्मणपुरीला रिकामा करायचा आणि तिथून पुढे तोरणमाळची गाडी धरायची. कंडक्टर ओळखीचा. त्याने विचारलं, "साहेब, डब्याचं तिकीट?"

ब्राह्मणपुरीला रेवजी अंगणात पिकअपमध्ये पपयांचे क्रेट लावत होता. भावाला पाहून त्याने क्रेट खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. काय करावं ते त्या क्रेटलाच कळेना. आतून धनुबाई आली. निर्मलाबाईंनी डबा तिच्या हातात दिला. "धनू, तवा ठेव. तुन्हा घरना माणूससना वाटा राही गया व्हता."

धनुबाईने झाकण उघडून पाहिलं. "वयनी, मूठ कोनी लिधी?"

"तुन्हा जेठनी."

"तरीच." ती डबा तोलत म्हणाली. "वेळेवर लई उनात. मन्हा डबा कालदिनच सरना."

त्या दिवशी दोन चुली पेटल्या. एकीकडे रोट, एकीकडे खीर. दोघे भाऊ, रेवजीची दोन्ही मुलं, गल्लीतले चुलते एका पंगतीत बसले. भाईदास आणि रेवजी शेजारी शेजारी, पण एकमेकांशी नाही, रोटाशी बोलत. "कडक शे जरासा," रेवजी रोटाला म्हणाला. "बरा शे," भाईदास आपल्या रोटाला म्हणाले. दुपार कलली तरी तवा उतरेना. तोरणमाळची शेवटची गाडी निघून गेली. वरची खोली त्या रात्री रिकामीच झोपली. पीठ मात्र दिवेलागणीला संपलं. धनुबाईने डबा उपडा करून ठोकून दाखवला, आणि निर्मलाबाई त्या रिकाम्या डब्याकडे पाहून हसल्या खऱ्या, पण हसू हिरव्या साडीवर सांडलेल्या खिरीपर्यंत पोचलं नाही.

ते धनुबाईने पाहिलं. तिने तोरणमाळचं सगळं विचारून काढून घेतलं आणि रात्रीच्या जेवणात नवऱ्याला सांगितलं, सगळ्यांसमोर. रेवजी म्हणाला, "त्यामा काय. सकाय पिकअप लई जाऊत. बठ्ठा जाऊत."

बठ्ठा. म्हणजे सगळे. निर्मलाबाईंनी कपाळाला हात लावला, पण मनातल्या मनात.

रविवारी सकाळी पिकअप दारात उभी. मागे सतरंजी टाकून दोघी जावा बसल्या, पपयांचा वास अजून होताच. रेवजी स्टिअरिंगवर. सगळे तयार, फक्त भाईदास नाहीत. आदल्या दिवशीचे रोट आता हिशेब मागत होते. रेवजीने दोनदा हॉर्न दिला. आतून आवाज आला, "जरासा थांब रे."

रेवजीने गाडी सुरू केली. "नियम म्हनजे नियम," तो मोठ्याने म्हणाला आणि गाडी पुढे काढली. भाईदास पँटचा पट्टा आवळत धावत बाहेर आले. गाडी कोपऱ्यावरच्या निंबाखाली जाऊन थांबली होती. भाईदास धापा टाकत शेजारी चढून बसले. मागे धनुबाईने निर्मलाबाईंच्या मांडीवर अशी थाप मारली की पपयांचा रिकामा क्रेट पडला. सात वर्षं तिने ही थाप राखून ठेवली होती.

घाटातली वळणं संपली आणि तोरणमाळ आलं, असं रेवजी म्हणाला. त्याच्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागला, कारण समोर धुकं होतं. तलाव धुक्यात, झाडं धुक्यात, पाटी धुक्यात. "पानी कोठे शे?" निर्मलाबाईंनी विचारलं. "हाऊ काय समोर," रेवजी म्हणाला आणि हात लांब केला. हातही धुक्यात गेला.

तीस वर्षं थांबून निर्मलाबाईंनी पांढरा रंग पाहिला. मग त्या धनुबाईबरोबर भाजलेली कणसं आणायला गेल्या. कणसाच्या शेगडीचा लाल डोळा तेवढा दिसत होता. परतताना समोर दोन सावल्या शेजारी शेजारी उभ्या दिसल्या. त्या जवळ जाणार तेवढ्यात भाईदासांचा आवाज आला. माईकचा नाही. निर्मलाबाईंनी हा आवाज लग्नानंतर दोनचारदाच ऐकला असेल.

"कोनी देखत नही, म्हनीसन धरा हात," भाईदास म्हणत होते. "तुले लई जासू, लई जासू म्हनू, आनि लई उनू ते हाई धुकं." थोडं थांबून, "तुन्हा हात बी कितला खरखरीत व्हई गया व."

समोरची सावली खाकरली.

"मी पावडं धरस, दादा," रेवजी म्हणाला. "माईक नही."

धनुबाईने कणीस तोंडात दाबलं म्हणून बरं. निर्मलाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. आता हात झटकला जाईल, असं त्यांना वाटलं. झटकला गेला नाही. दोन पाटली पंजे तसेच एकमेकांत राहिले, कुणी आधी सोडायचा हे दोघांनाही माहीत नसल्यासारखे. आपला हात भलत्यालाच मिळाला, याचा निर्मलाबाईंना राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण तो राग घेऊन करायचं काय, हे ठरेना, आणि हातातलं कणीस चटका देत होतं.

त्या नवऱ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. कणीस डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात त्यांच्या मोकळ्या पंजात सरकवला.

भाईदास दचकले. एकदा फसलेला माणूस. त्यांनी मान वळवली नाही, हलक्या आवाजात विचारलं, "हाऊ हात कोना शे?"

"मन्हा."

"मन्हा म्हनजे कोना?" भाईदास म्हणाले. "बांगड्या वाजाडी दखाड."

निर्मलाबाईंनी वाजवून दाखवल्या.