डाव्या सुळ्याची मागची बाजू

आमची ताई आठवडाभर कवळ्या बनवते, आणि कधीमधी सिनेमासाठी दात. लोकांना वाटतं, सिनेमाशी संबंध म्हणजे काय थाट असेल. थाट कसला डोंबलाचा! सकाळी नऊला प्लास्टर कालवायचं, मेण तापवायचं आणि कुणाच्या तरी आजोबांना सफरचंद चावता यावं म्हणून मान मोडेस्तोवर घासत बसायचं. मी तिची धाकटी बहीण. लॅबमधलं पॉलिश माझ्याकडे आणि तिला जेवायला उठवणंही माझ्याकडे. दुसरं काम जास्त अवघड आहे.

तर सुळे. रक्तपिपासू आणि नरलांडगे यांच्या वैरावरच्या सिनेमाचे तीन भाग येऊन गेले. तिन्हींत रक्तपिपासूंच्या सरदाराचे सुळे ताईच्या हातचे. खऱ्या दातांवर टोपीसारखे चढतात ते. सरदाराचा डावा सुळा आखूड आहे आणि बोलताना त्याच्या तोंडून एक बारीक शीळ निघते. त्या शिळेवर लोक फिदा. दुसऱ्या भागात तर लेखकांनी लिहूनच टाकलं, की हा सुळा एका जुन्या लढाईत लांडग्यांच्या राजाने मोडला.

खरं काय ते फक्त आम्हा दोघींना माहीत. बावीस वर्षांपूर्वी, शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी, घासायचं यंत्र ताईच्या हातून सटकलं आणि सुळ्याला मागून खळगा पडला. टोक पातळ झालं. मोडेल म्हणून तिने ते छाटून टाकलं. नवा बनवायला वेळ कुठे होता? "कुणाला कळायचं नाही," असं मीच म्हणाले. मग कौतुक सुरू झालं आणि ताई मूग गिळून बसली ती बसलीच. कुणी त्या सुळ्याचं नाव काढलं, की ती भलतंच बोलून वेळ मारून न्यायची.

आता चौथा भाग, पण गोष्ट पहिल्याच्याही आधीची. सुळा मोडला ती लढाईच यात दाखवायची. म्हणजे सुरुवातीला सुळा अखंड हवा. नट माप द्यायला आले. आम्ही त्यांना सरदारच म्हणतो. साठीला टेकलेला माणूस, गुडघे धरत खुर्चीत बसला. सिनेमात त्यांना तिशीचं दिसायचं होतं. "चेहऱ्याचं रंगवणारे बघून घेतील," ते म्हणाले. "आवाज तेवढा तुमच्या हातात आहे, बाई."

ताईने दोन्ही सुळे सारखे केले, नाव ठेवायला जागा नाही असे. चाचणीला आम्ही स्टुडिओत गेलो. सरदारांनी सुळे चढवले, एक वाक्य म्हटलं आणि दिग्दर्शकाचा चेहरा पडला. शीळ गायब. त्यांनी पुन्हा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं, तरी नाही. दिग्दर्शक वाईट माणूस नव्हे, पण तोंडावर बोलणारा.

"हा आमच्या सरदाराचा आवाज नाही. दात अखंड असो नाहीतर मोडका, लोकांना ती शीळच हवी. वेगळाच आवाज चालवून घ्यायचा, तर तरुण नट तयार आहे. परवा सकाळी एकदा ऐकतो आणि ठरवतो."

सरदारांनी सुळे काढले, रुमालाने पुसले, डबीत नीट ठेवले. मला फार वाईट वाटलं.

परतताना ताई म्हणाली, "शीळ आखूडपणाची नव्हतीच गं. खळग्याची होती."

"मग पाड खळगा."

"पाडते. पण टोक पातळ राहणार. बोलताबोलता मोडून घशात गेलं तर? त्यांना सांगायला हवं. आणि सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं."

"गुपचूप कर आणि गप्प बस," मी म्हटलं. माझा स्वभाव असा आहे. तिचा नाही, त्याला मी काय करू?

दुसऱ्या दिवशी कवळ्या बाजूला सारून ती बसली. यंत्राला हात लावला नाही, सगळं हाताने खरवडलं. जुना सुळा समोर ठेवून बावीस वर्षांपूर्वीची चूक तिने दिवसभर जपून पुन्हा केली. समोरून बघाल तर सुळा अखंड.

चाचणीच्या आधी तिने सरदारांना एका खोलीत गाठलं. मी दार लोटून घेतलं. सुळा हातात देऊन तिने एका दमात सगळं सांगितलं. "टोक नाजूक आहे, जपून वापरा. आणि त्या लढाईबिढाईत काही अर्थ नाही, साहेब. माझा हात सटकला होता. मी इतकी वर्षं लपवलं. मला माफ करा."

सरदारांनी सुळा चढवला, आतून जीभ फिरवली आणि वाक्य म्हटलं. शीळ आली. अगदी तीच.

"खळगा मला पहिल्याच दिवशी लागला होता, बाई," ते म्हणाले. "जिभेपासून काही लपत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"सिनेमात तुमचं ते पहिलंच काम होतं. तक्रार केली असती, तर तुम्हाला काढून टाकलं असतं. सुरुवातीला त्या दाताने मला धड एक शब्द बोलता येत नव्हता. मग आरशासमोर बसून त्याच्यासकट बोलायला शिकलो. शीळ तेव्हापासूनची."

तेवढ्यात आतून बोलावणं आलं. दिग्दर्शकाने पहिल्याच वाक्याला मान डोलावली आणि तरुण नटाला नको म्हणून कळवायला सांगितलं.

घरी येताना ताई म्हणाली, "मला वाटायचं, मी एकटीच हे ओझं वाहतेय."

"एकटी? मग मी काय मेले होते?"

ती हसली, मग बराच वेळ रडली. मी तिला माझा रुमाल दिला.