आजोबांची कोरडी भाकरी

बाळांनो, फोनवर बोलताना आजोबा मध्येच गप्प होतात, कारण त्यांना घोटभर पाणी प्यावं लागतं. तोंडाला लाळ पुरत नाही. असं का झालं ते तुमची आजी एकदा नीट लिहून ठेवते.

इथे तमिळ मुलखात, आवडी गावच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांना घशाचा कर्करोग निघाला. रेडिएशनसाठी रोज लोकलने शहरात जायचं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किरणांनी लाळेच्या ग्रंथीही वाळतात. त्या वाचवायला एक इंजेक्शन आहे, रोज किरणांच्या आधी शिरेतून द्यायचं. त्याने मळमळतं, रक्तदाब उतरतो, म्हणून घरून भरपूर पाणी पिऊन यायचं.

"नाही घेतलं तर?" मी विचारलं.

"आजाराचे उपचार तसेच चालू राहतील. पण पुढे कोरडं अन्न गिळणं जड जाईल."

नर्स हसली. ती तमिळ, आजोबांना 'तात्ता' म्हणजे आजोबाच म्हणायची. "तात्ता, इथे कोरडं खातं कोण? सांबार भात, रसम भात, ताक भात!"

"तेच खाण्यात जन्म गेला," आजोबा म्हणाले. "रविवारची भाकरी तेवढी माझी आहे. टोचा."

मग रोज तेच. इंजेक्शन, उलटी, मी हातात धरलेलं भांडं, किरणं, परतीची लोकल. घरी येऊन मी मऊ भात करायची आणि तो बहुतेक तसाच उरायचा.

त्यात संकष्टी आली. आजोबांच्या घरची चतुर्थी निर्जळी, चंद्र दिसेपर्यंत पाणीसुद्धा नाही. या महिन्यात ते ती सोडतील असं मी धरून चालले. सकाळी मी भरून ठेवलेला तांब्या त्यांनी गुपचूप तुळशीत ओतला. तिकडे इंजेक्शन अर्धं जातंय तोच चेहरा पांढराफटक पडला. पाय उंच केले, सलाइन लावलं.

शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "आज चतुर्थी. घसा बरा व्हावा म्हणूनच तर धरली."

"अहो, गणपतीला तरी विचारायचं होतं!"

"आमच्या पिळ्ळैयार गणपतीला पाणी चालतं हं, तात्ता," नर्स म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर तांब्या रिकामा केला आणि पालथा घातला. काही दिवस रेटले. मग पाणी पिऊनही रक्तदाब कोसळू लागला, तेव्हा त्यांनीच हात हलवला, "पुरे." मी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. उरलेली किरणं इंजेक्शनाशिवाय झाली.

बऱ्याच महिन्यांनी एका रविवारी त्यांनी भाकरी मागितली. पहिला तुकडा चघळत राहिले. माझी ओट्याची आवराआवर झाली तरी चघळतच होते. शेवटी पाण्याचा घोट घेऊन गिळला. अर्धी भाकरी तशीच खाल्ली आणि उरलेली रसममध्ये कुस्करली.

"निम्मी तरी वाचली," म्हणाले. भाकरी की लाळ, मी विचारलं नाही.

तेव्हा ते बोलता बोलता थांबले की फोन ठेवू नका. पाणी पिऊन होऊ दे.