सर्वांत वरचा ठोकळा

बुधवारी दुपारी माझ्या सुतारकामाच्या दुकानात रंधा मशीन सुरू होतं. त्या आवाजात फोन ऐकू येत नाही हे माझ्या दोस्ताला, पुरूला, ठाऊक, म्हणून तो फोनच्या भानगडीत न पडता थेट दुकानात येऊन उभा राहायचा. मशीन बंद करून पाहिलं तर त्याच्या बायकोचे, सुनंदावहिनींचे, सात फोन येऊन गेलेले. मी लावला. "भाऊजी, अमरावतीले या. हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी म्हटलं, अहो काल तर इथे बसून चहा प्याला...

आदल्या संध्याकाळी तो खरंच आला होता. अमरावतीत एक बंद पडलेली टॉकीज त्याने हेरून ठेवली होती. पडद्यामागची उंच, चढण्याजोगी भिंत पाहून त्याला झोप येईनाशी झाली होती. "उद्या चाल ना अमरावतीले," म्हणाला. माझ्याकडे लग्नाच्या दिवाणाची ऑर्डर होती. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. तो एकटाच गेला, टॉकीजच्या पायऱ्यांवर छाती धरून बसला आणि चौकीदार पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. कोणी सोबत असतं तरी काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मला ते पटत नाही, पटणारही नाही.

पुरू म्हणजे पुरुषोत्तम, दर्यापूरकडच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला. अकोल्याच्या आयटीआयमध्ये आमची दोस्ती झाली. तो फिटर झाला, मी सुतार. कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये त्याने कित्येक वर्षं मशिनी सांभाळल्या आणि सुट्टी मिळाली की नरनाळ्याच्या किल्ल्यावर जाऊन कडे चढला. ह्याला कोणी शिकवलं, कशासाठी चढतो, आम्हाला काही कळत नसे. पुढे जिनिंग बंद पडलं. मशिनी भंगारात गेल्या, उरल्या उंचच उंच विटांच्या भिंती, सागवानी तुळया आणि टिनाचं छप्पर. काही वर्षांनी पुरूने ती जागा भाड्याने घेतली. आता इथे दोर लावून भिंत चढायला शिकवणार म्हणाला, तेव्हा सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. एवढ्या जागेत मंगल कार्यालय काढ, जन्माचं कल्याण होईल, असा सल्ला मीही दिला. "लग्नं लय लागून राहिले अकोल्यात," तो म्हणाला, "चढून कोणी नाही राहिलं." भिंतीला भोकं पाडायला लागलो तर विटांच्या सांध्यांतून जुनी सरकी गळायची. तो ती वेचून खिशात ठेवायचा.

भिंतीवर हाता-पायाला आधार म्हणून ठोकळे लावतात. विकतचे महाग, म्हणून मोडक्या तुळयांतून ते मी करायचं ठरलं. मी जीव ओतून केले. एकेक ठोकळा गुळगुळीत घासला आणि वर लाखेचं पॉलिश दिलं, दोन-दोन हात. सगळे भिंतीवर बसल्यावर आरशासारखे चमकत होते. पुरू पहिल्याच ठोकळ्याला लटकला आणि सटकन खाली गादीवर पडला. पडल्या पडल्या हसत सुटला. "भास्कर, सोफा करून राहिला का बे?" मला असा राग आला म्हणता... पण चूक माझीच होती. आयुष्यभर माणसाचा हात सुळकन फिरावा म्हणून लाकूड घासलं, हात अडकावा म्हणून कधी घासलंच नव्हतं.

मग आठ दिवस आम्ही दोघं साठ नंबरचा खरखरीत पॉलिश पेपर घेऊन माझंच पॉलिश काढत बसलो. पुरू रेषेला आडवा घासायचा. लाकूड नेहमी रेषेच्या दिशेने घासावं, हे मी त्याला शंभरदा सांगितलं असेल. फिटर माणूस, ऐकेल कशाला. एक ठोकळा मात्र त्याने बाजूला काढून ठेवला आणि पार वर, तुळईच्या खाली लावला. खालून पाहिलं की तेवढा एकच चमकतो. "हा तुह्या हातचा," म्हणाला. "तूच वर येऊन धर."

मी कधी गेलो नाही. मला उंचीची भीती आहे. दर रविवारी तो कमरेचा पट्टा घेऊन माझ्यापुढे उभा राहायचा आणि मी कधी गुडघा, कधी शुगर, कधी ऑर्डर पुढे करायचो. तसं कबूल मात्र दरवेळी करायचो की चढीन, एकदा नक्की चढीन. बाकावर बसून मी इतरांना पाहायचो. तिथला नियम असा, की चढणाऱ्याने गाठ मारायची आणि विचारायचं, "धरलं?" दोर धरणारा गाठ तपासून, दोर ताणून "धरलं" म्हणेपर्यंत पाय जमिनीवरून उचलायचा नाही. कॉलेजातल्या पोरी असोत की पन्नाशीच्या बाया, पुरूने प्रत्येकीला ते त्याच गंभीरपणे म्हटलं. मी त्याला ते एकदाही विचारलं नाही. तो गेल्यावर ह्या एका गोष्टीने मला दोन आठवडे जेवू दिलं नाही.

तेरवी झाली. पुढच्या रविवारी वहिनींनी जिनिंग उघडलं, कारण बायकांची बॅच त्याच घ्यायच्या. मी गेलो आणि म्हटलं, पट्टा द्या. त्यांनी मला पट्टा बांधला आणि गाठ दोनदा तपासली, तो तपासायचा तशी. मी विचारलं, "धरलं?"

"धरलं, भाऊजी. चढा."

किती वेळ लागला माहीत नाही. मध्ये दोनदा मी भिंतीला डोकं टेकून उभा राहिलो आणि खाली सोडा म्हणालो. वहिनींनी दोर ताणून धरला, सोडलं नाही. घामाने हात भिजले होते. शेवटी तो चमकणारा ठोकळा डोक्यावर आला, आणि हा सुटणार, आपण पडणार, हे जाणूनच मी त्यावर हात टाकला.

हात सुटला नाही. ठोकळ्याची खाली दिसणारी बाजू तेवढी पॉलिशची होती. वरची, जिथे बोटं बसतात ती, खरखरीत घासलेली होती. मी मान उंच करून पाहिलं. ओरखडे रेषेला आडवे होते.

खालून वहिनींचा आवाज आला. "लावला त्याच दिवशी घासला होता त्यायनं. भास्करच्या हाताले घाम येते म्हणत. सगळ्यायले मालूम होतं, फक्त तुमाले सांगू देत नव्हते."

त्या मला खाली यायला सांगत होत्या. मी तो ठोकळा सोडत नव्हतो.