मातीला जाणारे अण्णा

कोल्हापुरात कुणीही मेलं की अण्णा मातीला हजर. ओळख असो वा नसो. आमच्याकडे अंत्यविधीला मातीच म्हणतात, मग माणसाला जाळा नाही तर पुरा. गल्लीच्या तोंडाशी अण्णांचं भुसारी दुकान होतं आणि समोरच्या चौकात निधनाच्या बातम्यांचा काळा फळा. सकाळी अण्णा आधी फळा वाचत, मग देवाला उदबत्ती लावत. नवं नाव दिसलं की खुंटीवरची पांढरी टोपी डोक्यावर चढे आणि दुकान अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, ताब्यात जाई. गल्लीनं त्यांचं नाव मातीअण्णा पाडलं होतं, आणि ते त्यांना ठाऊकही होतं.

नव्वद सालानंतर कधीतरी मी त्यांच्या शेजारी राहायला आलो. हायस्कुलात मास्तर होतो, जवळ स्कूटर होती. स्कूटर असलेला शेजारी अण्णांना फारच आवडला. पहिल्या महिन्यातच मी चार अनोळखी माणसांच्या मातीला जाऊन आलो.

तिथं अण्णांची एक पद्धत होती. गर्दीतला सगळ्यात म्हातारा पाहुणा हेरायचा, त्याच्याशेजारी मांडी घालायची आणि थेट विचारायचं, "पावणं, कंचं गाव? तुमच्याकडं कोण परका माणूस वाटंत मेल्याला ऐकलाय काय?" लोक चमकून बघत. "मास्तर," मला ते सांगत, "लग्नात म्हातारी माणसं जेवणाचं बोलत्यात. मेल्याल्यांचं बोलायला मातीलाच याय लागतंय."

एकदा तर कहर झाला. रक्षाविसर्जनाला श्रद्धांजलीची भाषणं चालली होती. टोपी आणि वय बघून घरच्यांनी अण्णांना लांबचे कुणी चुलते समजून पुढं ढकललं. अण्णा डगमगले नाहीत. "माणूस चांगला हुता," ते म्हणाले. "वाईट असता तर एवढ्या उन्हात एवढी माणसं आली असती काय?" लोकांनी माना डोलावल्या. परत येताना मी हसून हसून स्कूटर खड्ड्यात घातली.

पण या सगळ्यामागचं कारण हसण्यासारखं नव्हतं. अण्णांचे वडील, आप्पा, बैलगाडीतून गूळ घेऊन कोकणात उतरत आणि येताना नारळ आणत. अण्णा रांगत असताना ते एका खेपेला गेले ते परत आलेच नाहीत. चुलत्यांनी शोध घेण्याऐवजी, "तिकडं बाई ठिवली असंल," असं म्हणून हात झटकले. तेच गावभर झालं. अण्णांचं घर लिंगायत, घरातली बोली कानडी. त्यांची आई, अव्वा, मरेपर्यंत कुंकू लावत होती. बायका कुजबुजत, की नवऱ्यानं टाकली तरी हिचा तोरा बघा. "आप्पा गेला का पळाला, एवढंच मला कळू दे," अण्णा एकदा मला म्हणाले. "पळाला असंल तर पळाला. पण अव्वाला सांगाय पायजे की." अव्वाला जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

त्यांना त्यांचं उत्तर मिळालं ते कसबा बावड्यात, कुणाच्या तरी रक्षाविसर्जनाला. कोकणच्या वाटेवरच्या मलकापूरकडचा एक शेतकरी जेवायला न थांबता निघाला होता. "उद्या आमच्या शेतातल्या पावण्याला कोंबडं हाय," तो म्हणाला. कोण हा पावणा, अण्णांनी विचारलं. "हुता कोणतरी गाडीवान. लई जुनी गोष्ट. आमच्या बांधावर तापानं गेला. गळ्यात तुमच्यासारखं लिंग हुतं, म्हणून आज्ज्यानं जाळला न्हाय, पुरला."

अण्णांच्या हातातली टोपी खाली पडली. दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही स्कूटरवर मलकापूरच्या रस्त्याला लागलो.

बांधावर शेंदूर फासलेले दोन दगड होते, एक मोठा आणि एक लहान. समोर नुकतंच कापलेलं कोंबडं. अण्णांच्या घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. मी डोळे मिटून घेतले. शेतकऱ्याची आई शेजारीच बसली होती. ते घडलं तेव्हा ती नुकती लग्न होऊन आली होती.

"तापात नुसतं कानडी बोलायचा," म्हातारी सांगू लागली. "आमाला काय कळतंय? गाव काय कळलंच न्हाय. तुमच्यात बसवून पुरत्यात म्हणून सासऱ्यानं मांडी घालून बसीवला. बैलं ठिवून घेतली, कोण इचारत आलं तर द्याय हुईल म्हणून. कोण आलंच न्हाय. त्यातलं डाव्या शिंगाचं टोक मोडल्यालं बैल लई माया करायचं. त्ये मेल्यावर ह्येच्याच शेजारी पुरलं."

अण्णा लहान दगडाकडे बघत राहिले. मोडक्या शिंगाच्या बैलाचं अव्वा नेहमी सांगायची. मग त्यांनी विचारलं, "आजी, गाडीत काय हुतं?"

"नारळ की. गच्च भरल्याली."

अण्णा तिथंच ढेकळात बसले. म्हातारी घाबरली. हे लिंगायत, आणि आपण वर्षानुवर्षं यांच्या बापाला कोंबडं दाखवतोय, हे तिच्या ध्यानात आलं. "आमचं चुकलं की वं बाबा!" ती हात जोडून म्हणाली.

"चुकलं कुठलं?" अण्णांनी तिचे हात धरले. "पोटच्या पोरानं पाणी दिलं न्हाय, तुमी जेवाय घातलंसा."

पुढे दर वर्षी अण्णा खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, करून न्यायचे. दगडाच्या एका अंगाला हुग्गी, दुसऱ्या अंगाला कोंबडं. दोन्ही प्रसाद खायची जबाबदारी माझी. परक्यांच्या मातीला जाणं मात्र थांबलं नाही. आता कशाला, असं मी विचारलं तेव्हा ते माझ्यावरच खेकसले, "माझ्या बापाच्या मातीला कोण हुतं रं? सगळी परकीच हुती न्हवं?"

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी अण्णा गेले. लिंगायतांच्या दफनभूमीत, रुद्रभूमीत, अव्वाच्या शेजारी त्यांना माती दिली. निम्म्याहून जास्त माणसं मला अनोळखी होती. मलकापूरहून टेम्पो भरून आला होता. मूठभर माती टाकताना मला आठवलं, याच जागी मी पूर्वी एकदा त्यांच्याबरोबर आलो होतो. बांधावरून परतलो त्याच संध्याकाळी घरी न जाता त्यांनी स्कूटर इकडे वळवायला लावली होती. अव्वाच्या समाधीला कान लावावा तसे ते वाकले आणि कानडीतून बराच वेळ बोलत राहिले.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"म्हटलं, अव्वा, गाडीत नारळ हुतं," अण्णा म्हणाले. "येत हुता त्यो. घराकडंच येत हुता."